ओपन सोर्स प्रकल्पासाठी फाउंडेशनची निवड आणि प्रवेश : मेंटेनरसाठी सविस्तर मार्गदर्शक

एप्रिल २०२५ मध्ये नॅट्स या मेसेजिंग सॉफ्टवेअरवरून क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन, म्हणजेच सीएनसीएफ, आणि सिनाडिया ही कंपनी यांच्यात जाहीर वाद झाला. हा प्रकल्प २०१८ पासून फाउंडेशनकडे होता, मात्र त्याच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी तोपर्यंत कंपनीच्याच नावावर राहिलेली होती, आणि त्या आधारावर कंपनीला प्रकल्प परत घेऊन पुढील कोड ओपन सोर्स नसलेल्या, म्हणजे मुक्तपणे वापरण्या-बदलण्याची मुभा न देणाऱ्या, परवान्याखाली काढायचा होता. १ मे रोजी समझोता झाला. कंपनीने ट्रेडमार्क सीएनसीएफची पालक संस्था असलेल्या लिनक्स फाउंडेशनला देण्याचे मान्य केले आणि परवाना अपाचे २.० हाच, म्हणजे ओपन सोर्सच, राहिला. सात वर्षे रेंगाळलेल्या एका कागदामुळे हजारो वापरकर्त्यांचा जीव टांगणीला लागला होता.

हा लेख अशा मेंटेनरांसाठी, म्हणजे प्रकल्पाचा कोड सांभाळणाऱ्यांसाठी, आहे ज्यांचा प्रकल्प आता स्वतःच्या कंपनीबाहेरचे लोकही वापरू लागले आहेत आणि ज्यांना तो एखाद्या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली न्यावासा वाटतो. माझे मत सुरुवातीलाच सांगतो. फाउंडेशन निवडताना किती पैसे मिळतील हा प्रश्न दुय्यम असतो. प्रकल्पाचे नाव कोणाच्या मालकीचे राहील आणि तांत्रिक निर्णय कोण घेईल, या दोन प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर उतरवावीत.

पायरी १ : गरज नेमकी कोणती, ते ठरवा

फाउंडेशनची गरज साधारणपणे चार कारणांनी भासते. प्रकल्प एकाच कंपनीच्या हातात असल्यामुळे इतर कंपन्या योगदान द्यायला कचरतात. देणग्या स्वीकारायला कायदेशीर व्यक्ती नसते. ट्रेडमार्क आणि डोमेन कोणातरी एका व्यक्तीच्या खात्यावर असतात. किंवा मोठ्या ग्राहकाला प्रकल्प उद्या बंद पडणार नाही याची हमी हवी असते. पहिले आणि चौथे कारण असेल तर पूर्ण फाउंडेशनचा विचार करावा. फक्त दुसरे कारण असेल, तर आर्थिक यजमान संस्था, म्हणजे प्रकल्पाच्या वतीने पैसे स्वीकारून सांभाळणारी संस्था, पुरेशी ठरते, आणि तिच्याविषयी पुढे लिहिले आहे. यांपैकी एकही कारण नसेल आणि प्रकल्प दोघे-तिघे मिळून आनंदाने चालवत असतील, तर कुठेही न जाता काम चालू ठेवणे शहाणपणाचे, कारण फाउंडेशनबरोबर बैठका, अहवाल आणि मतदानही येते.

पायरी २ : संस्थेचा कायदेशीर प्रकार समजून घ्या

या क्षेत्रातील बऱ्याच मोठ्या संस्था अमेरिकेत नोंदलेल्या आहेत, त्यामुळे तिथल्या करकायद्यातील दोन कलमे माहीत असावी लागतात. कलम ५०१(सी)(३) खालील संस्था धर्मादाय मानल्या जातात. त्यांनी सार्वजनिक हितासाठी काम करायचे असते आणि त्यांना देणगी देणाऱ्या अमेरिकी करदात्याला करसवलत मिळते. १९९९ मध्ये स्थापन झालेले अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन, २००१ चे पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि २००६ ची सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या प्रकारात येतात. कलम ५०१(सी)(६) खालील संस्था मात्र उद्योग संघटना असतात. पुण्यातील मराठा चेंबर जसे सभासद उद्योगांच्या सामाईक हितासाठी काम करते, तसेच या संस्था सभासद कंपन्यांची वर्गणी घेऊन त्यांना उपयोगी पडणारे सामाईक सॉफ्टवेअर सांभाळतात. ओपन सोर्स डेव्हलपमेंट लॅब्ज आणि फ्री स्टँडर्ड्स ग्रुप यांच्या विलीनीकरणातून २००७ मध्ये उभे राहिलेले लिनक्स फाउंडेशन हे या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

हा फरक रोजच्या कामात जाणवतो. अपाचेमध्ये कंपनी सभासद होऊच शकत नाही. सभासदत्व व्यक्तीला मिळते, आणि ती व्यक्ती नोकरी बदलली तरी आपले मत सोबत घेऊन जाते. प्रायोजक कंपनीने कितीही रक्कम दिली तरी तिला तांत्रिक निर्णयात आवाज नसतो, आणि संस्था कोड लिहिण्यासाठी कोणाला पगारही देत नाही. लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखालील मोठ्या प्रकल्पसमूहांत याउलट दोन मंडळे असतात. वर्गणीदार कंपन्यांचे प्रशासकीय मंडळ अर्थसंकल्प आणि प्रसिद्धी पाहते, तर तांत्रिक समिती कोडविषयीचे निर्णय घेते. ही भिंत सनदेत स्पष्ट लिहिलेली असते. तरीही अर्थसंकल्प ज्यांच्या हातात, त्यांचा प्रभाव अप्रत्यक्षपणे पडतोच, असे मानूनच पुढे जावे.

युरोपातील पर्यायही आहेत. आयबीएमच्या पुढाकाराने २००१ मध्ये सुरू झालेल्या एक्लिप्स प्रकल्पासाठी २००४ मध्ये स्वतंत्र फाउंडेशन झाले आणि २०२१ मध्ये त्याने आपले मुख्यालय ब्रुसेल्सला हलवले. लिबरऑफिस सांभाळणारे डॉक्युमेंट फाउंडेशन बर्लिनमध्ये जर्मन कायद्याखाली नोंदलेले आहे.

स्वतःची नवीन संस्था काढण्याचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेत २०१० नंतरच्या काही वर्षांत करखात्याने ओपन सोर्स संस्थांचे धर्मादाय दर्जासाठीचे अर्ज बारकाईने तपासले. लिनक्सवरील नोम डेस्कटॉपसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या योर्बा फाउंडेशनचा अर्ज २०१४ मध्ये नाकारला गेला, कारण तयार होणारे सॉफ्टवेअर कोणीही, व्यावसायिक कामासाठीही, वापरू शकत होते. भारतात कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खाली ना-नफा कंपनी काढता येते, परंतु परदेशी देणगी घ्यायची तर परदेशी अंशदान (विनियमन) कायदा, २०१० खालील नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. एका प्रकल्पासाठी एवढा खटाटोप सहसा परवडत नाही.

पायरी ३ : अर्जाआधी घरातील कागद नीट लावा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा, कारण बहुतेक प्रकल्प इथेच अडकतात.

पहिली बाब कॉपीराइटची. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. रविवारी घरी बसून लिहिलेला कोड आपलाच, असे प्रोग्रामर गृहीत धरतो; पण नियुक्तिपत्रातील बौद्धिक संपदेचे कलम अनेकदा इतके व्यापक असते की रविवारही त्यात सामावतो. म्हणून प्रत्येक मुख्य योगदानकर्त्याने आपले नियुक्तिपत्र काढून ते कलम वाचावे आणि शंका असेल तर कंपनीकडून लेखी ना-हरकत घ्यावी. कंपनी स्वतःच कोड देणार असेल, तर ते देण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीची सही लागते. टीम लीडची सही पुरत नाही.

याच कायद्यातील कलम १९ कडे भारतीय मेंटेनरांचे सहसा लक्ष जात नाही. कॉपीराइटचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांसाठी केले असे मानले जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. त्यामुळे इंटरनेटवरून उचललेला दोन ओळींचा हस्तांतरणाचा मसुदा सही करून ठेवला, तर सहाव्या वर्षी वाद उभा राहू शकतो. कागदात ‘जगभरासाठी’ आणि ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असे शब्द आहेत ना, हे बौद्धिक संपदेचे काम करणाऱ्या वकिलाकडून तपासून घ्यावे.

दुसरी बाब योगदानाच्या नोंदीची. इथे दोन पद्धती रूढ आहेत. पहिलीत प्रत्येक योगदानकर्ता एकदाच एका परवाना करारावर सही करतो. अपाचेमध्ये हा करार सर्व कमिटरांना, म्हणजे कोडमध्ये थेट बदल नोंदवण्याचा अधिकार असलेल्यांना, करावाच लागतो. दुसरी पद्धत डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, म्हणजेच डीसीओ, ही आहे. एससीओ कंपनीने २००३ मध्ये लिनक्सच्या मालकीवरून खटला भरला, त्यानंतर २००४ मध्ये लिनक्स कर्नलने ती स्वीकारली. तिच्यात वेगळा करार नसतो. प्रत्येक कमिटच्या, म्हणजे कोडमधील नोंदलेल्या बदलाच्या, शेवटी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ आणि त्यापुढे आपले नाव व ईमेल लिहून योगदानकर्ता ग्वाही देतो की हा कोड देण्याचा अधिकार मला आहे. गिट या कोडचे बदल नोंदवणाऱ्या साधनात कमिट करताना ‘-s’ (लहान एस) हा पर्याय दिला की ही ओळ आपोआप येते. छोट्या प्रकल्पासाठी मी डीसीओच सुचवेन, कारण एका टायपोची दुरुस्ती पाठवणाऱ्या विद्यार्थ्यापुढे चार पानी करार ठेवला तर तो विद्यार्थी पुन्हा फिरकत नाही.

तिसरी बाब परवान्याची. संपूर्ण रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या साठ्यात, कोणत्या फाइलवर कोणता परवाना आहे याची यादी करावी आणि वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचा (बाहेरून घेतलेल्या तयार कोडचा) परवानाही तपासावा. अपाचे या परवान्यांचे तीन गट करते. एमआयटी, बीएसडी यांसारखे परवाने बिनधास्त चालतात, मोझिला पब्लिक लायसन्ससारखे काही अटींवर चालतात, आणि जीपीएलखालील (त्यातून बनलेला कोडही त्याच परवान्याखाली द्यायला लावणाऱ्या परवान्याखालील) कोड वितरणात समाविष्ट करता येत नाही. जीपीएलखालील लायब्ररीवर प्रकल्प उभा असेल, तर अपाचेचे दार बंद समजावे. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सीचे मात्र उघडे आहे, कारण तिथे गिटसारखे जीपीएल प्रकल्पच सन्मानाने नांदतात.

चौथी बाब नावाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. ओरॅकलने २०१७ मध्ये जावा ईई, म्हणजे जावा भाषेचा व्यावसायिक सॉफ्टवेअरसाठीचा संच, एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवण्याचे जाहीर केले, पण ‘जावा’ या नावाचा ट्रेडमार्क स्वतःकडे ठेवला. प्रकल्पाला जकार्ता ईई हे नवे नाव घ्यावे लागले. त्यानंतर ‘जावाएक्स’ या पॅकेजनावात पुढे बदल करण्याची परवानगीही वाटाघाटींत मिळू शकली नाही आणि २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये ती सर्व नावे बदलावी लागली. पुण्या-मुंबईतील ज्या चमूंनी स्प्रिंग बूट या जावाच्या सांगाड्याच्या आवृत्ती २ वरून ३ वर जाताना शेकडो फाइलींतील ‘इम्पोर्ट’च्या ओळी बदलल्या, त्यांनी एका ट्रेडमार्क वाटाघाटीची किंमत आपल्या कामाच्या तासांत मोजली आहे. कोडची आपोआप बांधणी आणि चाचणी करणाऱ्या हडसनची गोष्टही याच वळणाची. २०१० च्या अखेरीस ओरॅकलने त्या नावावर हक्क सांगितला, २०११ मध्ये समुदायाने मतदान करून जेन्किन्स हे नाव घेतले, आणि काही वर्षांत लोक हडसनला विसरले.

म्हणून अर्जाआधी पुढील गोष्टी लिहून काढाव्यात : नावाची आणि चिन्हाची ट्रेडमार्क नोंदणी कोणाच्या नावे, कोणत्या देशांत आणि कोणत्या वर्गांत आहे (सॉफ्टवेअरसाठी वर्ग ९ आणि सॉफ्टवेअर सेवांसाठी वर्ग ४२ महत्त्वाचे), डोमेन कोणाच्या कार्डावर नूतनीकरण होते, गिटहब संघटनेचे मालक कोण, पॅकेज रजिस्ट्रीवर नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार कोणाकडे. प्रकल्पाचे नाव आणि कंपनीचे नाव एकच असेल, तर दोहोंपैकी एक आत्ताच बदला. फाउंडेशन तो आग्रह धरणारच असते, आणि वापरकर्ते कमी असताना बदल सोपा जातो.

पायरी ४ : संस्था निवडा

क्लाउडवर चालणारे, कंटेनर किंवा मॉनिटरिंग यांच्याशी निगडित सॉफ्टवेअर असेल आणि त्यात अनेक कंपन्यांना रस असेल, तर सीएनसीएफ स्वाभाविक ठरते. २०१५ मध्ये गुगलने कंटेनर सांभाळणारे कुबरनेटिस दिले तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सीएनसीएफ उभे राहिले. डेटा प्रक्रिया, सर्व्हर, जावा लायब्ररी अशा कामांसाठी अपाचेची परंपरा दांडगी आहे. वैज्ञानिक गणनेसाठी २०१२ मध्ये स्थापन झालेले नमफोकस आहे, जिथे नमपाय आणि पांडाज आहेत. जावास्क्रिप्टसाठी ओपनजेएस फाउंडेशन आहे, नोड.जेएसच्या कारभारावर नाराज होऊन २०१४ मध्ये आयओ.जेएस ही फूट पडली, आणि पुढच्याच वर्षी नोड.जेएस फाउंडेशन झाल्यावर दोन्ही शाखा पुन्हा एक झाल्या, ही त्याची पूर्वपीठिका.

विरोधी उदाहरणेही अभ्यासावीत. हॅशिकॉर्प कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्म या आपल्या साधनाचा परवाना बदलून ओपन सोर्स नसलेला केला, आणि पुढच्याच महिन्यात त्याची ओपनटोफू ही शाखा लिनक्स फाउंडेशनमध्ये दाखल झाली. रेडिस या डेटाबेसच्या कंपनीने मार्च २०२४ मध्ये तसाच परवाना बदलल्यावर काही दिवसांतच व्हॅल्की हा प्रकल्प तिथेच जाहीर झाला. एका कंपनीच्या हातातील प्रकल्पाविषयी ग्राहकांच्या मनात आज जी शंका असते, तिचे मूळ अशा घटनांत आहे.

पायरी ५ : प्रवेशप्रक्रिया

अपाचेचा मार्ग तपशिलात पाहू, कारण तो सर्वांत उघड्यावर चालतो आणि इतर संस्थांच्या प्रक्रियेतही त्यातील बऱ्याच गोष्टी निराळ्या नावांनी भेटतात.

अपाचेत थेट प्रवेश नसतो. २००२ पासून चालू असलेल्या इन्क्युबेटरमधून, म्हणजे नव्या प्रकल्पांच्या उमेदवारीच्या टप्प्यातून, जावे लागते. त्यासाठी प्रथम एक चॅम्पियन, म्हणजे संस्थेला आतून ओळखणारी आणि तुमच्यासाठी शब्द टाकणारी व्यक्ती, शोधावी. मग प्रस्ताव लिहावा. त्यात प्रकल्प काय करतो, सध्याचे योगदानकर्ते कोण आणि ते कोणाकडे नोकरीस आहेत, कोणत्या लायब्ररी वापरल्या आहेत, नावाचा मालक कोण, हे सर्व येते. ‘सर्व योगदानकर्ते एकाच कंपनीचे आहेत’ ही गोष्ट लपवू नये. ती दोन मिनिटांत उघड होते, आणि सुरुवातीला ती चालतेही. प्रस्ताव इन्क्युबेटरच्या मेलिंग लिस्टवर चर्चेला जातो, मार्गदर्शक मिळतात, आणि किमान ७२ तासांचे मतदान होते. एवढा कालावधी ठेवण्यामागचे कारण व्यावहारिक आहे : पुण्यात शुक्रवारी संध्याकाळी मांडलेला मुद्दा कॅलिफोर्नियातील माणसाला सोमवारी सकाळीसुद्धा वाचून उत्तर देता यावा.

स्वीकार झाला की प्रकल्प ‘पॉडलिंग’ होतो. कोडचा मालक ‘सॉफ्टवेअर ग्रँट’ या परवाना करारावर सही करतो, कमिटर आपापले करार पाठवतात, रिपॉझिटरी हलते आणि प्रकल्पाचे नाव आधीच दुसऱ्या कोणाचे नाही ना, याचा शोध घेतला जातो. यानंतरची सवय भारतीय कार्यालयांतील चमूंना सर्वांत जड जाते. निर्णय मेलिंग लिस्टवरच घ्यायचा. बैठकीत किंवा चॅटवर काहीही ठरले असले तरी ते लिस्टवर आले नाही तर ते घडलेच नाही, असे मानले जाते. वरिष्ठांनी फोनवर ‘हो’ म्हटले म्हणून कोड आत घातला, तर मार्गदर्शक तो प्रश्न लिस्टवर विचारतात. चमूतील मतदानाचा अधिकार असलेल्या नवख्या मुलीने वरिष्ठाच्या बदलाला तांत्रिक कारण देऊन ‘-१’, म्हणजे नकाराचे मत, दिले तर तो बदल थांबतो. ही मुभा प्रत्यक्ष वापरली जाते का, यावरून समुदाय किती तयार झाला आहे हे कळते.

पहिली आवृत्ती काढणे ही खरी परीक्षा असते. अधिकृत आवृत्ती म्हणजे सोर्स कोडचे पॅकेज. त्यावर पीजीपी ही डिजिटल सही आणि फाइल बदललेली नाही हे तपासण्यासाठीचा चेकसम लागतो, फाइलच्या नावात ‘इन्क्युबेटिंग’ शब्द आणि सोबत अस्वीकरणाची फाइल लागते. आधी पॉडलिंगचे मतदान, मग इन्क्युबेटर समितीचे मतदान, आणि अशा मतदानात अधिकार असलेल्या किमान तीन व्यक्तींची ‘+१’ मते हवीत. पहिल्या खेपेस परवान्याच्या फाइलीत चुका निघतातच. कोणाची तरी जावास्क्रिप्ट फाइल तिच्या मूळ परवान्याचा उल्लेख न करता आत राहिलेली असते. त्यासाठी वेळापत्रकात जागा ठेवावी आणि ग्राहकाला तारीख देऊन बसू नये.

सुरुवातीचे तीन महिने दरमहा आणि मग दर तिमाहीस अहवाल द्यावा लागतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे कमिटर झाले, आवृत्त्या नियमित निघू लागल्या, नवे लोक मतदानाने आत येऊ लागले, की पदोन्नतीचा ठराव नऊ सदस्यांच्या संचालक मंडळापुढे जातो.

सीएनसीएफची वाट तुलनेने आखीव आहे. सँडबॉक्स, इन्क्युबेटिंग आणि ग्रॅज्युएटेड असे तीन टप्पे आहेत. सँडबॉक्ससाठी अर्ज भरायचा आणि तांत्रिक देखरेख समितीच्या मतदानाची वाट पाहायची. इन्क्युबेटिंगसाठी प्रत्यक्ष वापर करणाऱ्या स्वतंत्र संस्थांशी समिती बोलते. ग्रॅज्युएटेड होण्यासाठी त्रयस्थ संस्थेकडून सुरक्षेची तपासणी आणि एकाहून अधिक संस्थांचे मेंटेनर लागतात. कुबरनेटिस हा मार्च २०१८ मध्ये ग्रॅज्युएट झालेला पहिला प्रकल्प. अर्ज मंजूर झाल्यावर येणाऱ्या यादीतील ट्रेडमार्क आणि खात्यांचे हस्तांतरण त्याच महिन्यात उरकावे. सुरुवातीला सांगितलेली नॅट्सची अडचण नेमकी या ओळीतून जन्मली.

पायरी ६ : पैशाची व्यवस्था

एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरील संदेश कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली, तेव्हा इंटरनेटच्या मोठ्या भागाची सुरक्षा मूठभर लोकांवर अवलंबून असल्याचे सर्वांना कळले. त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनने कोअर इन्फ्रास्ट्रक्चर इनिशिएटिव्ह सुरू केला आणि २०२० मध्ये सुरक्षेसाठी ओपनएसएसएफ ही शाखा उभी राहिली. तरीही फाउंडेशनमध्ये गेले की मेंटेनरला पगार सुरू होतो, हा समज चुकीचा आहे. संस्थेकडून सहसा कायदेशीर मदत, सर्व्हर, परिषदा, सुरक्षा तपासणी आणि प्रसिद्धी मिळते. मेंटेनरचा पगार बहुतेक वेळा त्याची कंपनीच देत राहते.

फक्त देणग्या घ्यायच्या असतील तर आर्थिक यजमान पाहावा. डेबियन या लिनक्स प्रणालीसाठी १९९७ मध्ये स्थापन झालेली सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ५ टक्के कापून घेते, तर कॉन्झर्व्हन्सी आणि ओपन सोर्स कलेक्टिव्ह १० टक्के घेतात. यजमानाची स्वतःची प्रकृतीही तपासावी. ओपन कलेक्टिव्ह फाउंडेशन या धर्मादाय संस्थेने २०२४ मध्ये कामकाज गुंडाळायला घेतले आणि तिच्याकडील गटांना त्याच वर्षात नवा यजमान शोधावा लागला. ओपन सोर्स कलेक्टिव्ह ही वेगळी संस्था आहे आणि नावातील साम्यामुळे अनेकांचा गोंधळ झाला.

भारतातून सुरू झालेली एक सोय उल्लेखनीय आहे. झेरोधाने २०२४ मध्ये फ्लॉस/फंड सुरू केला. दरवर्षी १० लाख डॉलरपर्यंत रक्कम जगभरच्या प्रकल्पांना देण्याची ही योजना असून एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर मिळू शकतात. त्यासाठी रिपॉझिटरीत ‘फंडिंग.जेसन’ नावाची फाइल ठेवून आपल्या गरजा त्यात लिहायच्या असतात. फॉस युनायटेड ही भारतीय संस्थाही अनुदाने आणि संमेलने यांद्वारे मदत करते. परदेशातून वैयक्तिक खात्यावर मानधन येणार असेल, तर ते देणगी की सेवेचा मोबदला, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे आणि करार सही करण्याआधीच सीएला दाखवावा.

पायरी ७ : बाहेर पडण्याची वाट आधी वाचून ठेवा

करारातील शेवटची पाने सहसा वाचली जात नाहीत, आणि ती मात्र वाचावीत. आर्थिक यजमानाच्या करारात दुसऱ्या धर्मादाय संस्थेकडे प्रकल्प आणि शिल्लक नेण्याची तरतूद आहे का, हे पाहावे. धर्मादाय संस्थेचा पैसा खासगी कंपनीकडे परत जाऊ शकत नाही, याची जाणीव ठेवावी. मोठ्या फाउंडेशनमधून कोड कोणीही, केव्हाही, नव्या नावाने पुढे नेऊ शकतो, कारण परवानाच तशी मुभा देतो. नाव मात्र तिथेच राहते. अपाचेमध्ये प्रकल्पाकडे पाहणारे कोणी उरले नाही, अहवाल येणे थांबले आणि आवृत्तीसाठी तीन मतेही जमेनाशी झाली, की संचालक मंडळ ठराव करून तो ‘अ‍ॅटिक’मध्ये हलवते. रिपॉझिटरी केवळ वाचनासाठी खुली राहते आणि जुन्या आवृत्त्या उतरवून घेता येतात. मेंटेनरने हे स्वतःहून सुचवणे अधिक चांगले, कारण सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त न होणारा प्रकल्प चालू असल्यासारखा दिसत राहिला, तर त्याचा वापर करणारा माणूस त्या भरवशावर नवे काम उभे करत राहतो.